ज्योत पेटल्याचा पुरावा

"आता चालतोय ना व्यवस्थित? मग परत बंद पडला की फोन करा." एवढं बोलून गॅस इंजिनिअरने पेटी उचलली, दाराशी बूट चढवले आणि तो गेला. माणूस भला होता. बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहून त्याने घर आणि पाणी गरम करणारा आमचा गॅसचा बॉयलर चालू-बंद करून पाहिला, गरम पाण्याचा नळ सोडला, खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर तापवले, कान देऊन ऐकलं. दर वेळी बॉयलर पहिल्या ठिणगीला पेटला. आदल्या रात्री याच बॉयलरने आमचं घर गारठवून टाकलं होतं. इंग्लंडमधल्या लीड्सचा जानेवारी. सासूबाई अंगावर दोन शाली घेऊन, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या आणि मी कपाटाचं दार उघडून छोट्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या आकड्याकडे बघत उभी होते. इंजिनिअर गेल्यावर राग आला नाही, पण ते "परत बंद पडला की" मनाला लागून राहिलं. म्हणजे घर पुन्हा गार पडायची वाट बघायची. तेव्हाही तो येईपर्यंत बॉयलर सुतासारखा सरळ झालेला असणार, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे काहीच उरलेलं नसणार. कायमचं बंद पडलेलं यंत्र निदान हाताला लागतं. अधूनमधून बंद पडणाऱ्याला पकडायचं कुठे?

त्या दिवसांत मी या पांढऱ्या डब्यात काय चालतं ते मुळापासून समजून घेतलं. खोलीचं तापमान बघणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली, किंवा कुणी गरम पाण्याचा नळ सोडला, की आधी पंखा फिरतो. आत चुकून गॅस राहिला असेल तर तो बाहेर ढकलायला आणि जळण्यासाठी ताजी हवा आणायला. मग ठिणग्यांची टकटक ऐकू येते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. पण पेटला हे बॉयलरला कळतं कसं? ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे तिच्यातून किंचित वीज वाहू शकते. धातूची एक बारीक काडी ज्योतीत शिरेल अशी बसवलेली असते आणि तिला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचा, दाब दिलेला असतो. काडी बारीक, बर्नरचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे प्रवाह एका दिशेला सहज जातो आणि उलट दिशेला अडतो. गेला एसी, परत आला थोडासा डीसी, एकाच दिशेने वाहणारा. हा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात. तेवढा मिळाला तरच बॉयलर मानतो की ज्योत आहे. ओल आली किंवा तार कुठे चिकटली, तर वीज दोन्ही दिशांनी सारखीच वाहते, डीसी काही तयार होत नाही, आणि म्हणून खोट्या ज्योतीने बॉयलर फसत नाही. हे वाचलं तेव्हा मी खरोखर थबकले. काही सेकंदांत तो प्रवाह आला नाही तर व्हॉल्व्ह मिटतो, पंखा पुन्हा फिरतो, पुन्हा ठिणग्या पडतात. ठरलेले प्रयत्न वाया गेले की लॉकआउट. मग माणसाने येऊन रिसेट केल्याशिवाय तो हलत नाही.

न दिसणाऱ्या ज्योतीच्या भरवशावर गॅस सोडत राहायला तो तयार नसतो.

माझं आजोळ वाईचं. तिथल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत ढलप्या, चिपाडं, गोवरीचा तुकडा टाकायचा आणि भोवतीच्या पाण्याला हळूहळू आच लागायची. थंडीच्या पहाटे आजी बंब पेटवायला उठायची तेव्हा मी गोधडीतून निघून तिच्या मागे जायचे, केवळ त्या उबेपाशी बसायला मिळावं म्हणून. जाळ धरला की नाही, हे ती नळीत डोकावून बघायची. डोळ्यांत धूर जायचा, पदराने डोळे पुसायची, पुन्हा डोकवायची. खालच्या जाळीत राख साठली की हवा अडायची, जाळ नुसता धुमसायचा. तेव्हा आजी वर आणखी ढलप्या कधी टाकायची नाही. आधी खालची राख ओढायची. नवं लाकूड टाकायला निघालेल्या मामाला म्हणायची, "अरे, त्याला खायला नकोय, श्वास हवाय." तांब्याच्या त्या भांड्यावर हात ठेवून पाणी किती तापलं ते सांगता यायचं. आता लीड्सच्या घरात माझ्या हाताला लागतो तो थंड पत्रा. आत काय जळतंय ते मला दिसत नाही, आणि दिसण्याची सोयही नाही. लग्नानंतर आम्ही भाड्याने राहिलो त्या घरातल्या जुन्या बॉयलरला खाली काचेची बारीकशी खिडकी होती. आत पायलटची, म्हणजे बर्नर पेटवायला कायम तेवत ठेवलेली, छोटी निळी ज्योत रात्रंदिवस जळायची आणि तिच्या आचेने थर्मोकपल नावाच्या धातूच्या जोडात तयार होणाऱ्या काही मिलिव्होल्ट विजेवर व्हॉल्व्ह उघडा राहायचा. ज्योत विझली, थर्मोकपल गार झालं, व्हॉल्व्ह मिटला. गॅस फुकट जायचा हे खरं. तरी रात्री पाणी प्यायला उठलं की ती निळी टिकली बघून मला बरं वाटायचं.

इथे कव्हर काढायची मुभा मला नाही, आणि ते योग्यच आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे ब्रिटनमध्ये गॅसचं काम सक्षम आणि नोंदणीकृत माणसानेच करायचं. २००९ च्या एप्रिलपासून ही नोंदणी 'गॅस सेफ रजिस्टर'कडे आहे. येणाऱ्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला तो कोणकोणती कामं करू शकतो ते छापलेलं असतं, आणि ते बघायला मागण्यात संकोच करायचं काही कारण नाही. आजच्या बॉयलरचं कव्हर म्हणजे नुसतं झाकण नसतं. बऱ्याच बॉयलरमध्ये ते जळणाऱ्या पेटीची हवाबंद भिंत असतं. ते नीट बसलं नाही तर विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर घेऊन चढाई करणाऱ्या शूर मंडळींबद्दल मला अजिबात कौतुक नाही. माझ्या हातात काय उरलं, तर कान, डोळे आणि घड्याळ.

आणि ते पुरेसं असतं, हे मला हळूहळू कळत गेलं. कारण अधूनमधून येणारा बिघाड लहरी नसतो. तो ठरावीक परिस्थितीत येतो. ती परिस्थिती अधूनमधून येते, एवढंच. काडीवर जळून पांढरट थर चढला, किंवा तिच्या चिनी मातीच्या आवरणाला केसाएवढा तडा गेला, तर प्रवाह मुळातच कमी मिळतो. मग मोठ्या ज्योतीला चालतं आणि ज्योत बारीक झाली की हुकतं, किंवा बॉयलर गार असताना पेटतो आणि तापल्यावर रुसतो. गॅसचा दाब मीटरपाशी २१ मिलिबारच्या आसपास असायला हवा. बॉयलरकडे जाणारी नळी अरुंद असेल किंवा मीटरजवळचा रेग्युलेटर कुरकुरत असेल, तर एरवी काही कळत नाही. शेगडीचे सगळे बर्नर लावले आणि त्याच वेळी कुणी अंघोळीला गेलं की दाब खाली येतो आणि ज्योत कोलमडते. फ्ल्यूचं, म्हणजे धूर घराबाहेर सोडणाऱ्या नळीचं, तोंड उघड्या बाजूला असेल तर वादळी वाऱ्याचा झोत आत शिरून ज्योत हलवतो. तो दोष फक्त विशिष्ट दिशेच्या वाऱ्याला दिसणार. निरभ्र दुपारी आलेल्या इंजिनिअरला तो सापडायचा कुठून? सर्किट बोर्डावरचा एखादा सुटू पाहणारा टाका उष्णतेने प्रसरण पावला की संपर्क तुटतो, गार झाल्यावर पुन्हा जुळतो. आणि गोठलेली नळी तर प्रसिद्धच. कंडेन्सिंग, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणाऱ्या, बॉयलरमधून निघणारं पाणी बारीक प्लॅस्टिकच्या नळीने बाहेरच्या गटारात सोडतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून असेच बॉयलर जवळजवळ सक्तीचे झाले. पुढे १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर २०१० साली आला आणि त्या नळ्या घरोघर गोठल्या. पाणी आतच तुंबून बॉयलर लॉकआउटमध्ये गेले, लोक कोमट पाण्याच्या किटल्या घेऊन अंगणात उभे राहिले. तेव्हापासून घराबाहेरची नळी जाडी, ३२ मिलिमीटरची घ्या, तिला उबदार वेष्टन घाला, असा आग्रह धरला जातो.

या सगळ्यांचा पडद्यावरचा आकडा मात्र पुष्कळदा एकच. ज्योत मिळाली नाही, किंवा मिळून गेली. त्या आकड्याला बिघाडाचं नाव समजून सुटे भाग बदलत सुटणं मला पटत नाही. आमच्याकडे आधी काडी बदलली गेली. आठवडाभर बरं चाललं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुन्हा तेच. मग सर्किट बोर्ड बदलायचा सल्ला आला, आणि त्याची किंमत ऐकून नवरा फोन ठेवल्यावर बराच वेळ काही बोललाच नाही. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त डाचत होतं ते हे, की बोर्ड का, याचं कारण कुणी सांगत नव्हतं. "बहुतेक तोच असेल." या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली.

मग मी 'कालनिर्णय'मध्ये लिहायला लागले. फ्रिजशेजारी टांगलेलं होतंच, आणि दूध, गॅस, कामवाली यांच्या नोंदी कालनिर्णयवर करायची सवय आईकडून आलेली. बॉयलर बंद पडला की त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात: वेळ, बाहेरचं तापमान, वारा होता का, पाऊस होता का, आधी काय चालू होतं. एका शनिवारच्या चौकोनात अजून वाचता येतं: "६ पासून हीटिंग चालू. ९ च्या सुमारास बंद. बाहेर ४ अंश. वारा नाही. शेगडी बंद." खाली संकष्टी छापलेली. सासूबाईंना हा उद्योग आवडला. त्या दिवसभर घरात, स्वयंपाकघरातल्या रेडिएटरला पाठ लावून वाती वळत बसलेल्या. एकदा मी कामावरून आले तर म्हणाल्या, "अगं, बंद पडायच्या आधी तो गुडगुडतो. आज नीट ऐकलं मी. मग दोनदा टकटक करतो आणि गप्प." मी "हो आई" म्हणून तेही लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक नोंदीत 'गुड.' अशी खूण येऊ लागली.

चौकोन भरत गेले तसं चित्र आपोआप स्पष्ट झालं. बर्फ पडला त्या दिवसांत काहीच झालं नव्हतं, म्हणजे गोठलेल्या नळीचा प्रश्न नव्हता. वाऱ्याचा संबंध दिसत नव्हता. शेगडीचा नाही. आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही सगळे बाहेर, सासूबाईंपुरतं हीटिंग थोडा वेळ लागायचं, तेव्हा बॉयलर शहाण्यासारखा वागायचा. शनिवार-रविवारी, किंवा पाहुणे आले की, तो तासन्‌तास जळायचा आणि तेव्हाच अडायचा. रिसेट केलं की लगेच पेटायचा नाही. तासाभराने दाबलं तर विनातक्रार पेटायचा.

दुसरा इंजिनिअर आला तो पन्नाशी उलटलेला, अस्सल यॉर्कशरचा, वाक्यागणिक 'लव्ह' म्हणणारा. त्याने पेटी खाली ठेवली आणि कव्हरला हात लावायच्या आधी विचारलं, "बंद पडण्याआधी तो किती वेळ सलग पेटलेला असतो?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी कालनिर्णय खाली उतरवून टेबलावर ठेवलं. त्याला देवनागरी कुठून येणार. मी वाचत गेले आणि तो बोट ठेवत चौकोन मोजत गेला. 'गुड.' म्हणजे काय विचारलं, मी आवाज करून दाखवला. त्यावर तो एवढंच म्हणाला, "आधी पाण्याचं बघू, मग ज्योतीचं."

हे पाणी येतं ज्योतीतूनच. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन; तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याइतकी वाफ. जुने बॉयलर ती वाफ तशीच बाहेर सोडून द्यायचे. कंडेन्सिंग बॉयलर तिला थंड करून पाणी करतो आणि त्यात लपलेली उष्णता परत मिळवतो. रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे चांगलं जमतं. २०२२ च्या हिवाळ्यात गॅसची बिलं डोळे पांढरे करण्याइतकी वाढली आणि रेडिएटरकडे जाणारं पाणी ६० अंशांवर आणा असं सरकारही सांगू लागलं, तेव्हा आम्हीही ते खाली आणलं. बिलाला फरक पडला. पण वाफेचं पाणी व्हायचं प्रमाणही वाढलं. किंचित आम्लधर्मी असं ते पाणी बॉयलरच्या तळाशी एका सापळ्यातून बाहेर जातं. या सापळ्यात नेहमी थोडं पाणी भरून असावं लागतं, म्हणजे जळालेला धूर त्या वाटेने घरात येत नाही.

त्याने खाली बादली धरली आणि सापळा सोडवला. आधी पाणी भसकन आलं, मग थांबलं, मग काळपट गाळाचा एक लपका पडला. चहाच्या चोथ्यासारखा, पण बोटांत धरला तर वाळूगत कचकचणारा. उष्णता घेणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावरून वर्षानुवर्षं सुटलेले कण होते ते. वाट पूर्ण बंद नव्हती, निम्म्याहून जास्त भरली होती. म्हणजे थोडा वेळ जळलं तर पाणी झिरपत निघून जायचं. तासन्‌तास जळलं की येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त व्हायचं, तळाशी पातळी चढायची, धुराची वाट अडून ते गुडगुडायला लागायचं, ज्योत डळमळायची, आणि बॉयलर तिला ओळखेनासा व्हायचा. लॉकआउट झाला की जळणं थांबायचं, पाणी सावकाश ओसरायचं. इंजिनिअर येईपर्यंत सगळं कोरडंठाक. नवी काडी घातल्यावर आठवडाभर बरं चाललं त्याचंही कारण चौकोनांतच होतं: तो आठवडा उबदार गेला होता.

काम एवढ्यावर सोडून तो गेला नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. सापळा अंगणातल्या नळाखाली धुतला, उष्णता घेणारा भाग साफ केला, सील नवीन घातलं, सापळ्यात पाणी भरून तो बसवला. मग ज्योतीचा प्रवाह मोजला. मॅनोमीटर लावून, शेगडीचे चारही बर्नर पेटवून गॅसचा दाब बघितला. फ्ल्यूमधल्या धुराची तपासणी केली. आणि मग बॉयलर पूर्ण ताकदीवर सोडून तो चहा घेत बसला. सासूबाईंनी त्याला बेसनाचा लाडू दिला. अधूनमधून तो उठून मागच्या दाराबाहेर जायचा, गटारात पडणारी पाण्याची धार बघून यायचा. आधी ठिबकणारं पाणी आता सलग पडत होतं. सासूबाईंनी कान लावून ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. गुडगुड नव्हती.

मला त्या दिवशी हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. बोर्ड बदलला असता तर एवढे पैसे जाऊन गाळ तिथेच राहिला असता, आणि कित्येक घरांत तसं होतही असेल. घरात म्हातारं माणूस असतं, तान्हं मूल असतं, घर गार पडलेलं असतं. अशा वेळी माणूस रिसेटचं बटण दाबत सुटतो, आणि त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण एक-दोनदा दाबून भागलं नाही तर थांबावं, हे मी आता सगळ्यांना सांगते. गॅसचा वास आला तर बटणाच्या वाटेला जाऊच नये. खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये, बाहेर पडून ०८०० १११ ९९९ वर फोन करावा. बॉयलर अडून बसतो तेव्हा तो आपल्यालाच सांभाळत असतो. त्याला पुरावा का मिळत नाही, हे शोधण्याऐवजी त्याला पुन्हापुन्हा गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं. यंत्राबद्दल हा शब्द वापरते आहे याची मला कल्पना आहे.

यंदा आमच्या सर्व्हिसिंगच्या कागदावर सापळा धुतल्याची आणि ज्योतीच्या प्रवाहाची नोंद मी आग्रहाने लिहून घेतली. आणि सध्या स्लाउमधल्या एका मैत्रिणीच्या बॉयलरमागे लागले आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ती म्हणाली, "अगं, आमचा तर कधीही बंद पडतो, काही धरबंधच नाही." मी तिला वही करायला लावली. परवा तिची पहिली नोंद आली: रात्री साडेआठ, पश्चिमेचा जोरदार वारा, पाऊस, गुडगुड नाही, ठिणग्यांचा आवाज बराच वेळ. फ्ल्यूचं तोंड पश्चिमेलाच आहे, हेही तिने टॉर्च घेऊन बघून कळवलं. मला वाटलं, सापडलं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला: त्या वेळी जेवायला माणसं होती, शेगडीचे सगळे बर्नर चालू होते आणि मुलगा शॉवरखाली होता. आता वारा की गॅसचा दाब, हे एका नोंदीवरून ठरत नाही. तिला सांगितलंय, पुढच्या वादळात शेगडी बंद ठेव, आणि शांत हवेच्या रात्री सगळी शेगडी लाव. काय होतं ते लिही, आणि ती वही इंजिनिअरच्या हातात दे.